पोथीतले राजे, दगडावरचे राजे आणि पंचगंगेचा घाट



मागे आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. भारतातल्या सगळ्या राजांची यादी पुराणांत वर्षांसकट लिहून ठेवलेली आहे, पण इंग्रजांनी आणि त्यांच्या चेल्यांनी ती खोटी ठरवली, असा त्याचा मजकूर होता. लगेच दुसरा म्हणाला, "अरे, पुराणे म्हणजे निव्वळ थापा. त्यातला एकसुद्धा राजा खरा नाही." त्यावर टाळ्याही पडल्या. आम्हाला मात्र दोन्ही उत्तरे फुकटची वाटली. पहिल्याने पुराण उघडून पाहिलेले नाही आणि दुसऱ्याने शिलालेख वाचलेला नाही.

कोल्हापूरच्या माणसाला तर असे फुकटचे उत्तर देऊन चालणारच नाही. पंचगंगेच्या घाटावर एकदा पुराणातल्या राजांच्या यादीने प्रत्यक्ष राज्यावर बसलेल्या राजाची जात ठरवायचा प्रयत्न केला होता. आणि त्याच नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीखाली त्या यादीत नसलेले राजे गाडलेले होते. घाट आणि टेकडी एकमेकांना लागून आहेत. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो.

घाटावर काय झाले?

१८९९ सालचा कार्तिक महिना. राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. भटजी मंत्र म्हणत होते. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिले की हे मंत्र वेदोक्त नाहीत, पुराणोक्त आहेत. वेदोक्त म्हणजे द्विजांसाठीचे वैदिक मंत्र आणि पुराणोक्त म्हणजे शूद्रांसाठीचा विधी. याचा अर्थ, छत्रपतींच्या गादीवरचा राजा भटजींच्या लेखी शूद्र होता.

पुढचा वाद आपल्याला ठाऊक आहे. राजोपाध्यांनी राजवाड्यात वेदोक्त विधी करायला नकार दिला. 'केसरी'ने १९०१ साली अग्रलेख लिहून वेदोक्ताच्या मागणीला विरोध केला. १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचे वतन जप्त केले. राजोपाध्यांनी वरच्या सरकारकडे अपिले केली, ती टिकली नाहीत.

पण या सनातनी मंडळींचा मूळ आधार काय होता, हे आपल्यातले फार थोडे लोक विचारतात. आधार होता पुराणांतल्या कलियुगाच्या राजवंशावळीचा. मगधाचा राजा महापद्म नंद शूद्र स्त्रीच्या पोटी जन्मेल, सगळ्या क्षत्रियांचा नाश करील आणि त्याच्यानंतर राजे होतील ते शूद्रच, असे पुराणे सांगतात. त्यावरून पुढच्या धर्मशास्त्री पंडितांतल्या कडव्या पक्षाने सिद्धान्त काढला की कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, ब्राह्मण आणि शूद्र. मधले दोन गेले. १६७४ मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हीच अडचण उभी केली गेली आणि सव्वादोनशे वर्षांनी शाहू महाराजांसमोरही तीच.

म्हणजे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या एका राजाविषयी पोथीत जे लिहिले, त्यावरून विसाव्या शतकातल्या माणसाची पायरी ठरत होती. तेव्हा ती यादी खरी की खोटी हा नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. आपण ती तपासलीच पाहिजे.

आधी पोथीचीच उलटतपासणी

मत्स्य, वायू, ब्रह्मांड, विष्णू, भागवत या पुराणांत कलियुगातल्या राजांच्या याद्या आहेत. त्यांची एक गंमत लक्षात घ्या. सगळ्या याद्या भविष्यकाळात आहेत. अमका राजा होईल, इतकी वर्षे राज्य करील, मग तमका होईल. जणू ऋषींनी आधीच सांगून ठेवले होते. पण ही भविष्यवाणी गुप्त घराण्याच्या सुरुवातीपर्यंत येते आणि तिथे राजांची नावे संपतात. भविष्य दिसत होते तर पुढचे का दिसले नाही? उत्तर सरळ आहे. यादीला आजचे रूप ज्या काळात दिले गेले, त्या काळापर्यंतचीच नावे लिहिणाऱ्याला माहीत होती. घडून गेलेले लिहायचे आणि ते भविष्य म्हणून खपवायचे, अशी ही रीत.

आता नंदानंतर सगळे राजे शूद्र हे विधान घ्या. त्याच यादीत नंदांनंतर मौर्य येतात, मग शुंग, मग कण्व. कण्व घराणे ब्राह्मण आहे असे पुराणे स्वतःच सांगतात, आणि ते धार्मिक होते असे प्रशस्तिपत्रही देतात. म्हणजे यादी लिहिणाऱ्याचा सिद्धान्त त्याच्याच यादीत, दोनचार श्लोकांच्या अंतरावर मोडतो. त्या कण्वांना उलथून जो सत्तेवर आला, त्याला भागवत पुराण काय म्हणते? वृषल. म्हणजे शूद्र, नीच. तो सातवाहन घराण्याचा मूळ पुरुष. ज्या घराण्याने महाराष्ट्राला पहिली मोठी राजसत्ता दिली, त्याची पोथीत ही ओळख.

आता बेरीज करा. मत्स्य पुराणाप्रमाणे मौर्यांची वर्षे १३७, शुंगांची ११२, कण्वांची ४५. एकूण २९४. चंद्रगुप्त मौर्य इसवी सनापूर्वी ३२१ च्या सुमारास गादीवर आला असे धरले, तर कण्व इसवी सनापूर्वी २७ च्या आसपास संपतात. तिथून पुढे आंध्र, म्हणजे सातवाहन राजांना मत्स्य पुराण ४६० वर्षे देते. म्हणजे सातवाहन जवळपास इसवी सन ४३३ पर्यंत राज्य करत असायला हवेत. प्रत्यक्षात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातच त्यांची सत्ता मोडली आणि विदर्भात वाकाटक उभे राहिले. दुसरी पुराणे काढली तर हीच वर्षे कुठे ४५६, कुठे ४११, कुठे ३०० होतात. राजे तीस म्हणायचे आणि नावे सतरा-अठराच द्यायची, असाही प्रकार आहे. ही चूक पोथीच्या स्वतःच्या हिशेबातली आहे. इंग्रजाने ती केलेली नाही.

मग सगळेच खोटे का? नाही, आणि इथे आपल्या दुसऱ्या तरुणाला उत्तर द्यावे लागते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात राजघराण्याच्या व्यक्तींचे पुतळे होते. पुतळे गेले, पण त्यांच्यावरची नावे राहिली. त्यात सिमुक सातवाहन आहे, राणी नागनिका आणि सातकर्णी आहेत. नाशिकच्या एका लेण्यात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाचे नाव आहे. सिमुक, कृष्ण, सातकर्णी ही नावे पुराणांच्या यादीतही आहेत. म्हणजे पुराणिकांच्या हाती कुठली तरी जुनी राजयादी होती. तिच्यावर त्यांनी आपल्या हिशेबाचे आणि आपल्या वर्णव्यवस्थेचे लिंपण चढवले. आपले काम लिंपण खरवडून काढणे आहे, भिंत पाडणे नाही.

दगड काय सांगतो?

पुराणे या घराण्याला 'आंध्र' म्हणतात. त्यांचे स्वतःचे लेख 'सातवाहन' म्हणतात. पुराणांच्या राजयादीत सातवाहन हे नाव नाही, आणि त्यांच्या लेखांत त्यांनी स्वतःला कुठे आंध्र म्हटलेले नाही. मत्स्य पुराण गौतमीपुत्राला २१ वर्षांचे राज्य देते. नाशिकच्या लेण्यात त्याच्या राजवटीच्या २४ व्या वर्षाचा लेख कोरलेला आहे. पोथीने २१ व्या वर्षी संपवलेला राजा दगडावर २४ व्या वर्षी आज्ञा देतो आहे.

याच गौतमीपुत्राने क्षहरात कुळाच्या नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाचे नाणे वितळवत न बसता त्याच्यावर आपला छाप मारून ते चालवायचे. असा पुरावा कुठल्या भटाच्या मर्जीवर अवलंबून नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात आहे. नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी तो कोरला. आपल्या मुलाने क्षत्रियांचा गर्व आणि अभिमान उतरवला, असे त्यात ती सांगते. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. तिकडे गिरनारच्या खडकावर इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामन राजाचा लेख आहे. सगळ्या क्षत्रियांत वीर म्हणून मिरवणाऱ्या यौधेयांना आपण वठणीवर आणले, असे तोही सांगतो. मित्रांनो, नंदाने सगळे क्षत्रिय संपवले असतील, तर त्यानंतर साडेचारशे वर्षांनी गर्व कुणाचा उतरवला? क्षत्रिय म्हणून मिरवत कोण होते? दोन वेगवेगळ्या, एकमेकांशी लढणाऱ्या घराण्यांचे दोन लेख एकच गोष्ट सांगतात, आणि पोथीचा सिद्धान्त तिथेच संपतो.

१८९९ साली हे दोन्ही लेख छापून प्रसिद्ध होऊन वर्षे लोटली होती. पुरावा उपलब्ध होता. पण घाटावर पुरावा कोण विचारतो? तिथे पोथीच न्यायाधीश होती.

ब्रह्मपुरीच्या मातीतले राजे

आता घाटाशेजारच्या टेकडीकडे वळू. १९४४ च्या सुमारास ब्रह्मपुरीत काशाच्या जुन्या वस्तूंचा साठा सापडला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. सातवाहन काळातले विटांच्या घरांचे नांदते गाव मातीखालून वर आले. सापडलेल्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची छोटी मूर्ती आहे. रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापारातून ती इथवर आली. ज्या काळात पोथी म्लेंच्छांच्या नावाने बोटे मोडत होती, त्या काळात पंचगंगेकाठचा माणूस समुद्रापलीकडच्या माणसाशी देवघेव करत होता.

कोल्हापूर परिसरात त्या काळची आणखी एक ठेव सापडते, ती म्हणजे इथल्या राजांची नाणी. त्यांवर डोंगराच्या आकाराचे चिन्ह आहे, धनुष्यबाण आहे आणि नावे आहेत. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. तिघेही आपल्या आईच्या नावाने ओळखले जाणारे. यांतले एकही नाव पुराणांच्या यादीत नाही. पण दुसऱ्या शतकात इजिप्तमध्ये बसून जगाचा भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीला दख्खनमधल्या एका राजाचे नाव माहीत होते, बालेओकुरोस. अनेक अभ्यासकांच्या मते हे विळिवायकुराचेच ग्रीक रूप. अलेक्झांड्रियाच्या माणसाला कोल्हापूरकडच्या राजाची वार्ता होती, आणि त्रिकालज्ञानी पुराणकारांना नव्हती!

कोल्हापुरातच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि त्यात ठेवलेला स्फटिकाचा अस्थिकरंडक मिळाला. त्यावरच्या प्राकृत लेखात दान देणारा बम्ह आणि काम करवून घेणारा धमगुत, अशी दोन नावे आहेत. बस्स, दोन साधी माणसे. करवीर माहात्म्यातल्या कोल्हासुराच्या कथेवरून या गावाची ओळख सांगण्याचा प्रघात आहे. त्या कथेसोबत या दोघांचीही ओळख कोल्हापूरच्या पोरांना शाळेत करून द्यायला काय हरकत आहे?

हे केवळ सातवाहन काळापुरते नाही. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या गंडरादित्याचा इसवी सन १११० चा ताम्रपट तळाले इथे मिळाला. त्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची देवालये उभी केली, त्यांना जमिनी दिल्या. बाराव्या शतकातसुद्धा या मुलखात बुद्धाचे मंदिर बांधणारा राजा होता. बौद्ध धम्म इथून हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला असे ठोकून देणाऱ्यांनी हा ताम्रपट वाचावा.

नियम एक, व्यवहार दुसरा

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दोन नियम आहेत. शूद्र राजाच्या राज्यात राहू नये, आणि क्षत्रिय कुळात न जन्मलेल्या राजाकडून ब्राह्मणाने दान घेऊ नये. नियम स्वच्छ आहे. आता व्यवहार बघा.

नहपानाचा जावई उषवदात हा शक. मनुस्मृतीच शकांना ब्राह्मणांच्या दर्शनाअभावी वृषल झालेल्यांत मोजते. या उषवदाताचा नाशिकचा लेख सांगतो की त्याने ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली. कुणी ती परत केल्याची नोंद नाही. ज्याच्या मूळ पुरुषाला पुराणाने वृषल म्हटले, त्या सातवाहन घराण्याने दोन अश्वमेध आणि एक राजसूय केल्याचे नाणेघाटचा लेख सांगतो आणि दक्षिणेच्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण मोजून दाखवतो. ते यज्ञ करायला ऋत्विज आलेच होते ना? दक्षिणा घेताना वृषल चालला, आणि पोथीत लिहिताना तो नीच झाला.

आता कोल्हापूरला परत या. राजोपाध्यांकडे वतन होते. ते छत्रपतींच्या गादीने दिलेले होते. महाराज जर शूद्र, तर मनूच्या नियमाने त्यांचे दान वर्ज्य. वर्ज्य असेल तर वतन सोडायला हवे होते. पण वतन हवे, वार्षिक उत्पन्न हवे, फक्त मंत्र तेवढा शूद्राचा! शाहू महाराजांनी याच ठिकाणी नेमके बोट ठेवले. काम करत नाही तर कामासाठी दिलेले वतन कशाला? त्यांनी शास्त्रार्थात वेळ घालवला नाही, वतनच काढून घेतले. पोथीचा नियम आणि पोथीवाल्याचा व्यवहार यांच्यात शतकानुशतके जी फट होती, ती त्यांनी एका हुकमाने उघडी केली.

एकच मोजपट्टी, सगळ्यांना

इथपर्यंत वाचून आपल्याला बरे वाटले असेल. पण पुढचा भाग अवघड आहे, कारण तो आपल्यासाठी आहे.

पोथी तपासायची, तसा शिलालेखही तपासायचा असतो. शिलालेख म्हणजे राजाची जाहिरातसुद्धा असते. त्याच बलश्रीच्या लेखात आपला मुलगा अद्वितीय ब्राह्मण असल्याचे म्हटले आहे आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असेही म्हटले आहे. आपण सातवाहनांना सरसकट 'आपले' म्हणतो तेव्हा ही ओळ सोयीने गाळतो. गाळू नका. ती वाचा, आणि मग कान्हेरीचा लेख वाचा. याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची लेक होती, असे तो सांगतो. रुद्रदामनही म्हणतो की सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळचे नाते असल्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. संकर थांबवल्याची घोषणा एकीकडे, शकांशी सोयरीक दुसरीकडे. आणि वर्ण राखल्याचे सांगणारी हीच बलश्री ते लेणे भदायनीय भिक्खुसंघाला दान करते. इतिहास असा गुंत्याचा असतो. तो आपल्या बॅनरवर मावेल इतका सोपा केला की त्याचे पुराण होते.

तोच न्याय बौद्ध ग्रंथांना. अशोकाने ९९ भावांना ठार मारून राज्य मिळवले, असे महावंस सांगतो. पण अशोकाच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावाबहिणींच्या घरी धम्ममहामात्र काम करतात, असे लिहिले आहे. ग्रंथाला अशोक आधी राक्षस आणि मग संत दाखवायचा होता. आपण ग्रंथ बाजूला ठेवून अशोकाचे ऐकायचे. पुष्यमित्र शुंगाने भिक्खूंच्या शिरांवर इनाम लावले, ही दिव्यावदानातली कथाही अशीच पारखून घ्या. भरहुतच्या स्तूपाच्या तोरणावर, शुंगांच्या राज्यात हे तोरण उभारले, असा लेख आहे. कथा आणि तोरण, दोन्ही समोर ठेवून बोलले पाहिजे. बाबासाहेबांचा प्रतिक्रांतीचा सिद्धान्त त्या एका कथेवर उभा नाही. मनुस्मृतीसारखे ग्रंथ, यज्ञसंस्थेचे पुनरुज्जीवन, राजसत्तेवर आलेले ब्राह्मण घराणे आणि त्यानंतर कायद्यात आलेली जातीची क्रूरता, असा त्याचा पसारा आहे. म्हणून कथा तपासल्याने तो सिद्धान्त दुबळा होत नाही. उलट कच्ची वीट आपणच काढून टाकली की विरोधकाला ती काढायला मिळत नाही.

आणि पुराणांनी अशोकाचे काय केले ते बघा. वायू-मत्स्याच्या यादीत अशोक आहे. नाव आणि ३६ वर्षे. बाकी काही नाही. कलिंग नाही, धम्म नाही, माणसांच्या आणि जनावरांच्या दवापाण्याची सोय नाही. आपल्या सोपाऱ्यात त्याचे शिलालेख होते, पण ते वाचणारा कुणी उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. देवांना प्रिय प्रियदर्शी म्हणजेच अशोक याला सिंहली ग्रंथांनी दुजोरा दिला आणि १९१५ साली मस्कीच्या लेखात अशोक हे नाव प्रत्यक्ष मिळाले. नाव खोडले नाही, फक्त त्यामागचा माणूस पुसला. खोट्या इतिहासापेक्षा ही रीत जास्त घातक असते, कारण यादी तर बरोबर दिसते.

यादीत नसलेली माणसे

पुराणात राजे आहेत. लेण्यांतल्या लेखांत राजांबरोबर दुसरीही माणसे आहेत. कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. उषवदाताने भिक्खूंच्या चिवरासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजाने ठेवले. नाशिकलाच ईश्वरसेन नावाच्या आभीर राजाच्या काळातला लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली आहे. मनुस्मृतीने ज्या तेल्याचे दान घ्यायला बंदी केली, त्या तेल्याकडे तेव्हाचा समाज विश्वासाने ठेवी ठेवत होता. त्याची पत होती. आपल्याला पूर्वज शोधायचेच असतील तर या माणसांत शोधावेत.

मग क्षत्रियत्व सिद्ध करायचे का?

शेवटी हा प्रश्न येतोच. पुराण खोटे ठरले, क्षत्रिय उरले होते हे लेखांनी दाखवले. मग आता आपापल्या जातीचे शिलालेख शोधून आम्हीही क्षत्रिय, आम्हीही राजवंशी असे म्हणायचे का? आम्ही म्हणतो, मुळीच नाही. कुणाचा पूर्वज राजा होता यावर आजच्या माणसाचा हक्क ठरत असेल, तर ज्याचा पूर्वज राजा नव्हता त्याने काय करायचे? ही शिडी चढून वर जाणे म्हणजे शिडी मान्य करणे.

शाहू महाराजांचा प्रवास इथेच मोठा होतो. सुरुवात वेदोक्ताच्या हक्काने झाली, पण ते तिथे थांबले नाहीत. ज्या १९०२ साली राजोपाध्यांचे वतन गेले, त्याच वर्षी २६ जुलैला मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. तो हुकूम कुणाचा वंश विचारत नाही, कुणाला डावलले गेले ते बघतो. १९१८ मध्ये त्यांनी महार वतन रद्द केले. दोन वतने शेजारी ठेवून बघा. राजोपाध्यांचे वतन जन्माने मिळालेला मान होता आणि महारांचे वतन जन्माने मिळालेली वेठ. दोन्हींचा आधार एकच पोथी. महाराजांनी दोन्हींना हात घातला. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावच्या परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष होते आणि ज्यांना घाटावर शूद्र ठरवले गेले होते ते छत्रपती त्यांच्या शेजारी उभे होते. पुढे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, आणि १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहून शूद्र ठरवण्याचा अधिकार ब्राह्मणांकडे कसा आला हेच तपासायला घेतले. त्यात शिवरायांच्या राज्याभिषेकाचीही चर्चा आहे. तो ग्रंथ त्यांनी जोतिबांना अर्पण केला. जोतिबा, शाहू आणि बाबासाहेबांनी पोथीला उत्तर दिले ते पुराव्याने. दुसरी पोथी रचून नाही.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच. पुढचा मेसेज आला की पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कुणी लिहिले? कधी लिहिले? दुसरा कुठला पुरावा याच्याशी जुळतो? मेसेज त्यांच्या बाजूचा असो की आपल्या, प्रश्न तेच. एखाद्या रविवारी टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जा आणि ब्रह्मपुरीच्या वस्तू बघा. जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळे लेणी बघा. ब्राह्मी लिपीची मुळाक्षरे महिनाभरात येतात, ती शिका. ज्या लिपीला शतकानुशतके वाचणारा मिळाला नाही, ती तुमच्या बोटाखाली वाचली जाईल, तेव्हा पोथी काय म्हणते ते कुणी तुम्हाला समजावून सांगायची गरज राहणार नाही.

मग घाटावर जाऊन उभे राहा. एका बाजूला पायऱ्या, एका बाजूला टेकडी. पायऱ्यांवर पोथीने राजालासुद्धा शूद्र ठरवले. टेकडीने खणणाऱ्याला त्याची जात विचारली नाही, खणले तेवढे दाखवले. आपण टेकडीच्या बाजूचे आहोत.

जय भीम! जय शाहू! जय जोती!